मामूंच्या बेंजोचं खानदान

यंदा ईद झाल्यावर आमच्या मामूंनी गोंदियातल्या घराची कवेलू उतरवून टिनाचं छप्पर टाकायचं ठरवलं. माळा रिकामा करायला आम्ही चौघे जण गेलो होतो. पितळेचे हंडे निघाले, मामी बिड्या वळायच्या ती सुपं निघाली, तेंदूचं पान कापायचे पत्र्याचे फर्मे निघाले. सगळ्यात मागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबट लाकडी पेटी होती. मामूंच्या नातवाने गाठ सोडली. आत तीनच तारा शिल्लक होत्या. टाइपरायटरला असतात तशी गोल बटणं पिवळी पडली होती. मामूंचा बेंजो.

नातू नागपूरला शिकतो. पाच वेळचा नमाजी, शांत स्वभावाचा, मोठ्यांपुढे आवाज न चढवणारा मुलगा. तो हळूच म्हणाला, "दादाजान, हे आता कशाला ठेवायचं? तसंही हे आपल्यात चालत नाही." मामू काही बोलले नाहीत. चादर परत गुंडाळली आणि पेटी आपल्या खाटेखाली सरकवली.

संध्याकाळी माझे एक स्नेही आले. शाळेत संगीत शिकवतात, शास्त्रीय गाण्याची चांगली जाण आहे. मी त्यांना पेटी दाखवली. ते हसून म्हणाले, "सर, हे काही आपलं वाद्य नव्हे. जपानी खेळणं आहे ते. मूळ चीनचं."

एकाच दिवशी दोन वेगळ्या माणसांनी त्या पेटीला एकच निकाल ऐकवला: आपलं नाही. नातवाच्या मनात दीन होता, शिक्षकांच्या मनात देश. दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण "आपलं नाही" हे दोन शब्द आम्हा मराठी मुसलमानांच्या कानाला जरा जास्तच ओळखीचे आहेत. दीनाच्या चौकटीतून कधी आपलेच लोक ऐकवतात, देशाच्या चौकटीतून कधी शेजारी. म्हणून मी ठरवलं, या पेटीचं खानदान एकदा शोधून काढायचं.

आधी वाद्य काय आहे ते सांगतो, कारण नव्या पिढीतल्या अनेकांनी ते जवळून पाहिलेलं नसतं. लाकडाची पोकळ, लांबट पेटी. तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धातूच्या तारा ताणलेल्या. तारांच्या खाली पडदे, आणि वर बटणांची रांग. डाव्या हाताने बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते आणि तो सूर मिळतो. उजव्या हातात प्लास्टिकचा छोटा तुकडा धरून तारा छेडायच्या. काही तारांवर चाल वाजते, काही तारा बाजूला नुसत्या एका सुरात गुंजत राहतात. सतार शिकायला वर्षं जातात. बेंजोवर कान तयार असलेला माणूस महिनाभरात गाणं काढतो. ज्यांच्याकडे उस्ताद ठेवायला पैसा नव्हता आणि रियाजाला दिवस मोकळा नव्हता, त्यांच्या हाती हे वाद्य म्हणूनच पडलं.

मामू दिवसा बिडी कारखान्यात कामाला होते. 1971 साली त्यांनी नागपूरहून हा बेंजो आणला, तेव्हा आमच्या नानांनी आठ दिवस त्यांच्याशी बोलणं बंद केलं होतं. पुढे मामू एका कव्वाली पार्टीत वाजवू लागले. ताजुद्दीन बाबांच्या उरुसाला नागपूरच्या ताजबागेत, तिरोड्याला, आमगावला, पलीकडे बालाघाटपर्यंत. गायक दम घ्यायला थांबला की मधली जागा बेंजो भरून काढायचा. टाळ्या, ढोलक, हार्मोनियम या सगळ्यांवरून त्याचा तो किणकिणता आवाज मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोहोचायचा. लाऊडस्पीकर खरखरत असला तरी बेंजो ऐकू यायचा. माझ्या लहानपणी बेंजो नसलेली पार्टी मी पाहिली नाही.

आणि ही पार्टी फक्त दर्ग्यात गात नव्हती. विदर्भातल्या वाचकांना "दुय्यम कव्वाली"चे फलक आठवत असतील. दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या आणि सवालजवाब पहाटेपर्यंत चालायचे. 14 एप्रिलला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बौद्ध वस्त्यांमध्ये बुद्ध-भीम गीतांचे असे सामने होत आणि आजही होतात. गाणारे बौद्ध, ऐकणारे बौद्ध, गाण्याचा साचा कव्वालीचा आणि साथीला बेंजो. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकाने एकाच गळ्याने कव्वाली, भीमगीतं आणि विठ्ठलाची गाणी गायली, ती अशाच मिसळलेल्या मांडवांमधून. तिकडे मुंबई-कोकणात गणपतीच्या मिरवणुकीपुढे चालणाऱ्या वाद्यवृंदाचं नावच "बेंजो पार्टी" पडलं. 2016 साली रवी जाधवांनी त्या पोरांवर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, रितेश देशमुख त्यात होता. म्हणजे उरूस, भीमजयंती आणि गणपती या तिन्ही ठिकाणी ही पेटी जाऊन आलेली आहे. आपल्या राज्यात इतकी फिरलेली वाद्यं फार नाहीत.

आता नावाकडे येऊ. दुकानदार याला बुलबुल तरंग म्हणतात. बुलबुल हा शब्द फारसी-अरबीतून आलेला, तरंग संस्कृतातला, जलतरंगातला. दोन शब्द शेजारी बसले आणि कोणी हरकत घेतली नाही. बेंजो हे नाव मात्र आणखी लांबून आलं. खरा बँजो अमेरिकेतला: चामडं ताणलेल्या गोल डफाला दांडा आणि तारा. पश्चिम आफ्रिकेतून साखळदंडात नेलेल्या गुलामांनी आपल्या गावाकडच्या वाद्यांच्या आठवणीवरून तो तिकडच्या मळ्यांवर घडवला. त्या गुलामांमध्ये मुसलमानही पुष्कळ होते. आपल्या पेटीचा आकार त्या बँजोसारखा अजिबात नाही. पण तारेचा टणटणीत आवाज सारखा वाटला, म्हणून नाव चिकटलं. गोंदियाच्या कव्वाली पार्टीत वाजणाऱ्या वाद्याला आफ्रिकी गुलामांच्या वाद्याचं नाव, इथूनच या खानदानाची गंमत सुरू होते.

माझ्या शिक्षकमित्रांचं अर्धं म्हणणं बरोबर निघालं. ही पेटी जपानचीच. 1912 साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या वादकाने ती बनवली. जपानमध्ये दोन तारांचं एक साधं, आडवं ठेवून वाजवायचं वाद्य होतं. मोरिताने त्याला टाइपरायटरच्या कळांची कल्पना जोडली. टाइपरायटर अमेरिकेतून आलेला, रेमिंग्टन कंपनीने 1870 च्या दशकात बाजारात आणलेला. अक्षर उमटवण्यासाठी जी कळ दाबायची, तशीच कळ दाबून सूर उमटवायचा. त्याच 1912 साली जपानचा सम्राट मेइजी वारला आणि नव्या सम्राटाचं ताइशो युग सुरू झालं. नव्या युगाचं नाव वाद्याला मिळालं: ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळातलं कोतो. नोटेशन न शिकलेल्या घरगुती माणसालाही कळांवरचे आकडे पाहून गाणं वाजवता यायचं, म्हणून जपानी घरांमध्ये ते भराभर पसरलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी पहिलं महायुद्ध पेटलं. युरोपचा माल येणं आटलं आणि आशियाच्या बंदरांमध्ये जपानी माल भरला: सूत, काडेपेट्या, काचसामान, खेळणी. त्या काळातल्या जपानी व्यापाराबरोबर ही पेटीही समुद्रावर निघाली. बलुच लोकांनी तिला बेंजू म्हटलं, आकाराने मोठी केली आणि आपल्या लोकसंगीताचं मानाचं वाद्य बनवलं. पूर्व आफ्रिकेत केनियाच्या मोंबासा बंदरात स्वाहिली मुसलमानांच्या तारब गाण्यांत ती शिरली. तिथे तिचं जपानी नाव थोडं बदलून तसंच राहिलं. पंजाबात, उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात ती कव्वालांच्या मांडीसमोर आली आणि इथले सुतार ती बनवायला लागले. खेळणं म्हणून निघालेली वस्तू ज्या ज्या बंदरात उतरली, तिथल्या गरीब गाणाऱ्यांनी तिला उचलून घेतलं.

पण मग हे कोतो म्हणजे काय? आणि "मूळ चीनचं" हे कितपत खरं?

कोतो हे जपानचं 13 तारांचं मोठं वाद्य. पाउलोनिया नावाच्या हलक्या लाकडाचा माणसाच्या उंचीएवढा लांब फळा, प्रत्येक तारेखाली सरकवता येणारी स्वतंत्र घोडी, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांना नख्या. सातव्या-आठव्या शतकात जपानचा दरबार चीनच्या थांग दरबाराकडून लिपी, कायदे, नगररचना, बौद्ध ग्रंथ असं सगळं शिकत होता, त्यात हे वाद्यही आलं. चीनमध्ये त्याचं नाव झेंग. आज त्याला गुझेंग म्हणतात. "गु" म्हणजे प्राचीन. जुन्या झेंगला तारा थोड्या होत्या, मग 12 झाल्या, थांग काळात 13. आज बहुतेक गुझेंगना 21 असतात. पूर्वी रेशमाच्या तारा लावत, आता धातूच्या, नायलॉन गुंडाळलेल्या. कोरियात याच घराण्यातलं 12 तारांचं गायागुम आहे, व्हिएतनाममध्ये 16 तारांचं दान त्रान्ह.

चीनमध्ये आणखी एक तंतुवाद्य आहे, गुछिन. सात तारा, पडदे नाहीत, घोड्या नाहीत. बोट तारेवरून घसरत नेऊन सूर काढायचा, आपल्या मींडेसारखा. ते विद्वानांचं वाद्य. शिकलेल्या माणसाला जी चार अंगं यायला हवीत असं तिथे मानत, त्यात बुद्धिबळासारखा सोंगट्यांचा खेळ, सुलेखन आणि चित्रकला यांच्या आधी गुछिनचं नाव घेत. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यात गुछिनचं वादन आहे आणि गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. दोन्ही आवाज आज सूर्यमालेच्या टोकापलीकडे एकाच तबकडीवर चालले आहेत.

झेंग मात्र विद्वानांचं नव्हतं. ते मेजवानीचं, बाजाराचं, लोकांचं वाद्य. गुछिन आणि झेंग यांचं नातं काहीसं आपल्याकडच्या रुद्रवीणा आणि बेंजोसारखं म्हणा. एक एकांतात ऐकायचं, दुसरं गर्दीत.

झेंगपेक्षाही जुनं 25 तारांचं "से" नावाचं एक वाद्य होतं. 1978 साली चीनच्या हूबेइ प्रांतात त्सेंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराची कबर उकरली गेली. तो इ.स.पू. 433 च्या सुमारास पुरला गेला होता. कबरीत 65 काशाच्या घंटांचा पूर्ण संच सापडला आणि त्याबरोबर 25 तारांची अनेक "से" वाद्यं. लोककथा सांगते की अशाच एका 25 तारांच्या वाद्यावरून घरातल्या दोघांचं भांडण झालं. ओढाताणीत वाद्य उभं चिरलं. एकाच्या हाती 12 तारा आल्या, दुसऱ्याच्या हाती 13. पण दोन्ही तुकडे वाजत राहिले, आधीपेक्षा गोड. भांडणालाही चिनी भाषेत झेंग म्हणतात, आणि वाद्याचं नाव त्यावरून पडलं असं म्हणतात. ही कथाच आहे, इतिहास नव्हे. पण वाटणीत चिरलेली वस्तू दोन्हीकडे गात राहते, ही कल्पना ज्या लोकांना सुचली त्यांनी वाटण्या पाहिल्या असणार.

इतिहासात झेंगचा उल्लेख येतो तो मात्र वेगळ्याच भांडणात. हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं आणि थोडा वेळ अंगणात जाऊन बसलो.

गोष्ट इ.स.पू. 237 ची. चीनच्या पश्चिमेला छिन नावाचं राज्य होतं. त्याचा तरुण राजा पुढे सगळा चीन जिंकून पहिला सम्राट झाला. त्याच्या दरबारात बाहेरच्या राज्यांतून आलेले अनेक विद्वान, अधिकारी आणि कारागीर होते. शेजारच्या राज्यातून आलेला एक कालवा बांधणारा तंत्रज्ञ हेर असल्याचं उघड झालं. छिनच्या घरंदाज सरदारांना निमित्त मिळालं. त्यांनी राजाला सांगितलं, हे बाहेरचे लोक आपल्या मालकांसाठीच काम करतात, सगळ्यांना हाकलून द्या. राजाने हुकूम काढला. हाकलायच्या यादीत ली स नावाचा अधिकारी होता. तो छू राज्यातून आलेला. निघण्याआधी त्याने राजाला एक अर्ज लिहिला. स-मा छ्येन या इतिहासकाराने तो आपल्या ग्रंथात जपून ठेवला आणि चिनी गद्याचा नमुना म्हणून तो दोन हजार वर्षं वाचला जातो.

ली सचा युक्तिवाद साधा आहे. आधी तो राजाच्या पूर्वजांची आठवण करून देतो: छिनला मोठं केलं ते बाहेरून आलेल्या मंत्र्यांनीच. मग राजाच्या अंगावरची आणि घरातली एकेक वस्तू मोजतो. रत्नं बाहेरची, मोती बाहेरचे, तलवार बाहेरची, घोडे बाहेरचे. यातलं एकही छिनच्या मातीत पिकत नाही, तरी राजाला प्रिय आहे. आणि मग तो संगीतावर येतो. छिनचं अस्सल, देशी संगीत कोणतं? मातीचे घडे बडवणं, झेंगच्या तारा छेडणं आणि मांडीवर थापा मारत हेल काढून गाणं. पण दरबारात आज ते कुठे आहे? राजाने घडे आणि झेंग बाजूला सारून परराज्यांतलं संगीत आणलं, कारण ते कानाला गोड लागलं. गाणं निवडताना ते कुठलं हे राजा विचारत नाही, गोड आहे का एवढंच विचारतो. माणूस निवडताना मात्र तो लायक आहे का, खरा आहे का हे न विचारता छिनचा नाही म्हणून हाकलतो. म्हणजे राजाला गाणी आणि मोती मोलाचे, माणसं बिनमोलाची.

राजाने हुकूम मागे घेतला. हेर ठरलेल्या त्या तंत्रज्ञालाही कालवा पूर्ण करू दिला. त्या कालव्याच्या पाण्याने छिनची शेती भरभराटली आणि पुढचे विजय त्या धान्यावर झाले.

ली सला मी संत ठरवत नाही. पुढे तोच सम्राटाचा मुख्य मंत्री झाला, इ.स.पू. 213 मध्ये त्याच्याच सल्ल्याने ग्रंथ जाळले गेले, आणि शेवटी त्याचाही क्रूर अंत झाला. ज्याला एकदा दाराबाहेर काढलं होतं, तो सत्तेत आल्यावर दार किती घट्ट लावू शकतो, हाही धडा त्याच्याच आयुष्यात आहे. पण त्या अर्जातलं म्हणणं खोटं ठरत नाही. झेंग ज्या सर्वांत जुन्या लिखाणांत आपल्याला भेटतं, त्यात बाहेरच्यांना हाकलू नका असं सांगणारा हा अर्ज आहे, आणि त्यात झेंग हे "अस्सल देशी" म्हणून उभं आहे. जे तेव्हा अस्सल देशी होतं, ते पुढे कोरियाला, जपानला परदेशी म्हणून गेलं आणि तिथे अस्सल देशी झालं.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. मामूंची पेटी झेंगची थेट लेक नाही. झेंगला कळा नाहीत, बेंजोला सरकत्या घोड्या नाहीत. जपानमध्ये कोतो हा शब्द जुन्या काळी तारा छेडून वाजवायच्या सगळ्याच वाद्यांना लावत, त्यामुळे मोरिताने ते नाव वापरलं. तेव्हा चीनशी असलेलं हे नातं नावाचं आणि घराण्याचं आहे. "मूळ चीनचं" म्हणणारे अर्धे बरोबर आणि अर्धे चूक.

शिवाय "मूळ" म्हणजे कुठवर मागे जायचं? जपानच्या नारा शहरात शोसोइन नावाचं लाकडी भांडार आहे. सम्राट शोमू 756 साली वारला, तेव्हा त्याच्या राणीने त्याच्या वस्तू तोदाइजी मंदिराला दिल्या. त्या तिथे आजही आहेत. त्यात शिंपल्याची जडणघडण केलेलं पाच तारांचं एक बिवा आहे. त्यावर उंटावर बसून वाद्य वाजवणारा माणूस कोरला आहे. जपानला उंट कुठून माहीत? ती आकृती मध्य आशियाच्या वाळवंटी वाटेवरून आलेली आहे, आणि पाच तारांच्या या वाद्याचा उगम भारतात आहे असं संगीताचे अभ्यासक मानतात. त्याच तोदाइजीतल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी 752 साली झाला. तो केला बोधिसेन नावाच्या भिक्षूने. तो भारतातून गेलेला होता.

म्हणजे इथून पाच तारांचं वाद्य आणि एक भिक्षू जपानला गेले. बाराशे वर्षांनी तिथून एक पेटी इथे आली आणि गोंदियाच्या बौद्ध वस्तीत बुद्धाच्या गाण्यांना साथ करू लागली. आता यातलं आपलं कोणतं आणि परकं कोणतं, ते शिक्षकमित्रांनी मला समजावून सांगावं.

त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते मोठ्या मनाचे आहेत. म्हणाले, "माझ्या हार्मोनियमचंही असंच आहे." ते खरं आहे. हार्मोनियम युरोपातून आलं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी मराठी रंगभूमीवर त्याचं सोनं केलं. तरी 1940 साली ऑल इंडिया रेडिओने ते परकं, भारतीय सुरांना न पेलणारं म्हणून बंद केलं. ती बंदी उठायला 1971 उजाडलं. त्या तीस वर्षांत देशातल्या एकाही भजनी मंडळाने हार्मोनियम गावाबाहेर नेऊन टाकलं नाही. वारकऱ्यांच्या कीर्तनात, गुरुद्वाऱ्यात, दर्ग्यात ते वाजत राहिलं. लोकांनी आपला निकाल आधीच दिलेला होता.

राहिला नातवाचा प्रश्न. तो माझ्यासाठी जास्त अवघड आहे. शिक्षकमित्रांशी वाद घालणं सोपं, घरच्या पोराशी नाही. संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे आजचा नाही. सुलतान गियासुद्दीन तुघलकाच्या काळात हजरत निजामुद्दीन औलियांना समावरून दिल्लीच्या उलेमांपुढे उत्तर द्यावं लागलं होतं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी इमाम गजालींनी आपल्या 'इह्या'मध्ये समावर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आणि काय ऐकावं, कुणी ऐकावं, कोणत्या नियतीने ऐकावं हे तपशिलात मांडलं. इकडे दख्खनमध्ये विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह आपल्या तंबोऱ्यावर इतका जीव टाकायचा की त्याला मोतीखान असं नाव दिलं होतं. दोन्ही बाजूंना मोठी माणसं होती. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. जो मुलगा अल्लाहच्या भीतीने बेंजोपासून दूर राहतो, त्याला मी जुनाट म्हणणार नाही.

मी त्याला एवढंच सांगितलं, "बेटा, तुला वाजवायचं नसेल तर वाजवू नको. पण 'आपल्यात हे चालत नाही' असं म्हणू नको. आपल्यात हे चालत आलंय. तुझ्या दादाजानच्या बोटांना जे घट्टे आहेत, ते बिडीचे आहेत आणि याचेही आहेत. ही पेटी विकत घेताना त्यांनी पोटाला चिमटा घेतला. तुझ्या वडिलांची दहावीची फी उरुसाच्या बिदागीतून भरलेली आहे. तुझं मत तुझ्यापाशी ठेव, पण घरच्या इतिहासातून पान फाडू नको." तो ऐकत होता. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पुढच्या रविवारी तो नागपूरहून आला तेव्हा त्याच्या बॅगेत तारांचं एक पाकीट होतं. मामूंनी फोनवर सांगितलं होतं म्हणे. त्याने ते खाटेवर ठेवलं आणि जोहरच्या नमाजाला निघून गेला. मामूंनी दुपारभर बसून तारा चढवल्या. दोन बटणं खाली दाबलेलीच राहत होती, त्यांच्या स्प्रिंगा बदलल्या. हात थरथरत होते, त्यामुळे एक तार तुटली. संध्याकाळी पेटी सुरात लागली. वाजवलं त्यांनी दोनच मिनिटं. मग म्हणाले, "बहुत दिन हो गये," आणि फडकं झाकलं.

14 एप्रिलच्या चार दिवस आधी पलीकडच्या बौद्ध वस्तीतली पोरं आली. त्यांच्या बेंजोवाल्याची पेटी बिघडली होती, आणि मामूंकडे आहे हे कुणीतरी सांगितलं होतं. मामूंनी पेटी त्यांच्या हातात दिली. नवीन स्प्रिंगांची बटणं कोणती ते दाखवलं, तिसरी तार जपून ताणा म्हणाले, आणि पंधरवड्यात परत आणून द्या असं बजावलं. पोरांकडे एकच मोटारसायकल होती आणि तिघे जण. नातू दारात उभा होता. त्याने आपली गाडी काढली, पेटी मांडीवर घेऊन एका पोराला मागे बसवलं आणि वस्तीपर्यंत सोडून आला.

परत आल्यावर मी त्याला काही विचारलं नाही. पेटी ठरल्या दिवशी परत आली. आता ती माळ्यावर नाही, कपाटावर आहे.